गाडीवरच वजन दाखवणारे सेन्सर: फडातून निघण्याआधी भरती कळायला हवी

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी दहाचाकी गाडी आहे, कराड तालुक्यातली. हंगामात ऊस, हंगाम सरला की खडी, सिमेंट, जे भाडं मिळेल ते.

ऊस वाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट आधी मांडतो. गाडीत किती भरलंय हे कारखान्याच्या काट्यावर गाडी उभी राहिल्यावरच कळतं. तोवर मऊ रानातून गाडी ओढून काढलेली असते, पाटाच्या अरुंद पुलावरून ती गेलेली असते, गावातली चढण आणि हायवेचं वळणही मागं पडलेलं असतं. जे काही वाईट व्हायचं ते काट्याच्या अलीकडेच होतं.

फडात भरती ठरते ती नजरेने. हौद्याच्या वर ऊस किती गेला, पाटे (ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) किती बसले, टायर किती दबला. मुरलेल्या ड्रायव्हरची नजर चांगली असते, मी ती कमी लेखत नाही. पण को ८६०३२ जातीचा फड आणि फुले २६५ जातीचा फड सारखा भरत नाही. आडसाली ऊस जाड, खोडवा बारीक. मोळ्या घट्ट बसल्या की सैल, पाचट किती राहिलं, आदल्या रात्री पाऊस झाला का, या सगळ्यावर वजन फिरतं. हौदा त्याच उंचीला भरला तरी टनांचा फरक पडतो.

वजनमर्यादेच्या २०१८ च्या सुधारणेनंतर दहाचाकीला एकूण २८.५ टन चालतात, आधी २५ होते. मागच्या जोड ॲक्सलला २१ टन, आधी १९. रिकामी गाडी हौद्यासकट ९-१० टन धरली तर माल १८.५-१९.५ टन. त्याच्या वर गेलं की २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये दंड, जादा प्रत्येक टनाला आणखी २ हजार, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच.

पण दंडासाठी हा धागा काढलेला नाही. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला आपल्या पाठीवर किती ओझं आहे हे कळण्याचा हक्क आहे, आणि ते भरतानाच कळलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून गेल्या हंगामात मागच्या दोन्ही ॲक्सलला सेन्सर बसवून घेतले. कामाचे आहेत, पण वापरायची शिस्त लागते. ज्यांनी पाट्यावर, ॲक्सलवर किंवा हौद्याखाली बसवलेत त्यांनी लिहावं. ज्यांना शंका आहेत त्यांनी विचारावं.

मिरजेचा फिटर

कोयनाकाठ दादा, विषय लई मोलाचा काढलासा. आमचं काम पाट्यांचं, म्हणून पाट्याचंच सांगतो.

पाटा किती दबला त्यावरून वजन काढणारे सेन्सर येतात. एक टोक चेसीला, एक ॲक्सलला, मधलं अंतर मोजायचं. दिसायला सोपं. पण पाट्याची पानं एकमेकांवर घासतात. भरत भरत १५ टनाला आल्यावर पाटा जिथं बसतो, आणि १८ भरून ३ उतरवल्यावर जिथं थांबतो, त्या दोन जागा एक नसतात. वजन तेच, पाटा निराळा. पानं गंजली असली की फरक आणखी वाढतो.

दुसरं, ब्रेक लावून वजन बघू नका. दबताना पाटा लांबीला सरकतो, म्हणजे ॲक्सल थोडा मागं-पुढं व्हायला बघतो. चाकं ब्रेकनं धरलेली असली तर त्याला सरकता येत न्हाई, ताण अडकून राहतो. भरून झालं की हँडब्रेक सोडा, गाडी वीसेक फूट पुढं घ्या, सपाटीला हळूच थांबवा, चाकाला दगड लावा, ब्रेक मोकळा ठेवा, मग आकडा वाचा.

तिसरं, आपल्याकडं बरेच मालक मागं एखादं पान वाढवून घेतात. पान वाढलं, पाटा कडक झाला, अंतराचा सगळा हिशेब बदलला. मग तो सेन्सर वजन कमीच दाखवणार. पाट्याच्या कामानंतर काट्यावर नेऊन सेटिंग नव्यानं केल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका. हवेच्या फुग्यावरच्या गाड्या असत्या तर काम सोपं होतं, फुग्यातला दाब मोजला की झालं. पण आपल्या ट्रकांना पाटेच.

ब्रिज सर्किट

सातारा एमआयडीसीत सेन्सरचंच काम करतो. फिटरदादांनी म्हटलेलं शंभर टक्के बरोबर आहे, म्हणूनच पाट्यांच्या गाडीला ॲक्सलवरचा ताण मोजणं मला जास्त पटतं. चाकं रस्त्यावर टेकलेली, पाट्याची बैठक त्याच्या आत, त्यामुळे ओझं पडलं की ॲक्सलचा मधला भाग वाकतो. डोळ्याला दिसणार नाही इतका, पण वाकतो. तिथे स्ट्रेन गेज लावायचा, म्हणजे ताणली की जिचा विद्युतरोध बदलतो अशी बारीक पट्टी.

आकडे सांगतो म्हणजे काम किती नाजूक आहे ते कळेल. समजा भरल्यावर तिथलं पोलाद दहा लाखात ५०० भाग ताणलं गेलं. ३५० ओहमच्या गेजचा रोध त्याने फक्त ०.३५ ओहमने बदलतो. चार गेजचा व्हीटस्टन ब्रिज (चौकोनी जोडणी) केला, ५ व्होल्ट दिले, तर बाहेर येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. म्हणजे १० टनांची सगळी गोष्ट ५ मिलिव्होल्टमध्ये सांगायची. वायरीच्या जोडात ओल शिरली, किंवा अल्टरनेटरचा गोंगाट मिसळला, तर आकडा हलणारच. बाजारात हा बारीक सिग्नल वाचणारी एचएक्स७११ नावाची स्वस्त चिप मिळते, कॉलेजची मुलं प्रकल्पाला वापरतात. चिपमध्ये दोष नाही. खरी कसोटी गेज चिकटवण्याची आणि त्यावरच्या सीलची आहे. पृष्ठभाग घासून, स्वच्छ करून, योग्य चिकटवणीने बसवलेला गेज वर्षानुवर्षं टिकतो. रंगावर चिकटवलेला हंगामभरही टिकत नाही.

तापमानाचंही बघावं लागतं. जानेवारीत पहाटे फडात कडाक्याची थंडी, दुपारी ऊन, आणि घाट उतरल्यावर ब्रेकच्या उष्णतेने ॲक्सलची टोकं तापलेली. चारही गेज जवळजवळ, एकाच तापमानात राहतील असे लावले की बराचसा परिणाम एकमेकांत कटतो. एकच गेज लावून काम भागवणारे असतात, त्यांच्याकडून घेऊ नका.

नीट बसवलेल्या यंत्रणेत काट्याशी ३ ते ५ टक्क्यांत जुळणी मिळाली तर पाट्यांच्या गाडीसाठी ती चांगली म्हणायची. यापेक्षा फार मोठा दावा कुणी करत असेल तर त्याला तुमच्याच गाडीवर, तुमच्याच फडात दाखवायला सांगा.

स्टेअरिंगवरचा माणूस

मी मालक न्हाई, ड्रायव्हर हाय. कडेगाव, पलूसच्या बाजूला चालवतो.

सेन्सर पाहिजेच. पण आकडा कुठं दिसणार ते आधी ठरवा. मालकाच्या मोबाईलवर गेला आणि केबिनमध्ये न्हाई दिसला तर आमचा काय फायदा? फडात आमच्यावर चहूबाजूनं रेटा असतो. वाहतुकीचे पैसे टनावर, तोडणी टोळीची मजुरी टनावर, आणि शेतकऱ्याला वाटतं उरलेल्या चार मोळ्या याच खेपेत जाव्यात, फड उरकावा. मुकादम म्हणतो टाक अजून. तिथं माझ्याजवळ दाखवायला कायतरी पाहिजे. "अण्णा, बघा, मागच्या ॲक्सलला २१ झालं, आता थांबवा," असं आकड्यावर बोट ठेवून म्हणता आलं तर वादच मिटला. आज मी नुसता "बास" म्हटलं तर भित्रा ठरतो.

आणखी एक. एकूण वजन बरोबर असून भागत न्हाई. ऊस मागं लोंबता भरला की पुढचं स्टेअरिंग हलकं लागतं. खंबाटकी न्हाईतर कुंभार्ली घाटात वळणावर गाडी वळवल्यावर पुढची चाकं सरळच जाऊ बघतात. ती भीती ज्यानं अनुभवली त्यालाच कळते. म्हणून विचारतो, दादा, पुढच्या ॲक्सलला का न्हाई बसवला?

कोयनाकाठ

स्टेअरिंगवरचे दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. डिस्प्ले माझ्याही केबिनमध्येच आहे, आणि ब्लूटूथवर ड्रायव्हरच्या मोबाईलवरही दिसतो, म्हणजे खाली उभं राहून भरणी करून घेताना बघता येतं. मोबाईलवर मालकाला दिसणं ही नंतरची गोष्ट.

पुढचा ॲक्सलही याच हंगामाआधी करतोय. तुमचं कारण अगदी बरोबर. मागच्या दोन्हींचे आकडे वेगवेगळे दिसायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आली. ऊस तेवढाच, पण पहिल्या थराच्या मोळ्या केबिनला घट्ट भिडवल्या तर मागचा आकडा उतरतो आणि गाडी रस्त्याला नीट बसते. टोळीतल्या पोरांनाही ते दाखवलं. ती आता स्वतःहून विचारतात, पुढं किती झालं, मागं किती झालं.

निवृत्त रस्तेवाला

बांधकाम खात्यात रस्त्यांवर नोकरी झाली, आता सांगलीत असतो. ड्रायव्हरचा मुद्दा मी रस्त्याच्या बाजूने पुढे नेतो. रस्त्याला गाडीचं एकूण वजन कळत नाही, त्याला प्रत्येक ॲक्सलचं वजन कळतं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचणी झाली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन २० टक्के वाढलं की झीज दुपटीहून जास्त. आपल्याकडचं रस्त्याचं डिझाइन ८० किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे ८.१६ टनांच्या, प्रमाण ॲक्सलवर चालतं. चार टायरच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टन झाली. नियमाने हिशेब करा: १०.२ टनांचा एक ॲक्सल सुमारे २.४ प्रमाण ॲक्सलइतका, ११.५ टनांचा सुमारे ३.९ इतका. आणि कुणी त्यावर १५ टन टाकले तर तो एकटाच अकरांहून जास्त. हे सगळं कायदेशीर मर्यादेवर थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या गाड्यांमधलं अंतर आहे.

गावचे रस्ते तर या ओझ्यासाठी बांधलेलेच नसतात. डिसेंबरात कारखान्याच्या दिशेच्या बाजूला चाकोरी खचलेली आणि रिकाम्या गाड्या परतताना ज्या बाजूने जातात ती बाजू शाबूत, हे चित्र वाळवा, पलूस, कराड भागात कुणीही बघावं. पुढच्या पावसात त्या चाकोरीत पाणी साठतं आणि मग दुचाकीवाल्यांचे हाल होतात. म्हणून ॲक्सलवार आकडा दाखवणारी यंत्रणा असेल तर मी तिच्या बाजूने आहे. नुसतं एकूण वजन दाखवणारी घेऊ नका.

वाळव्याची शेतकरीण

सगळं वाचलं. आमचा ऊस दरवर्षी जातो, म्हणून सरळ विचारते. गाडीवरच आकडा दिसत असेल तर काटामारीचा प्रश्न सुटेल का? आमच्याकडे घरोघरी ही शंका असते. उसाचं वजन आम्ही कधी बघत नाही, पावतीवर येईल ते मान्य. गाडी फडातून निघतानाच आकड्याचा फोटो काढून ठेवला आणि पावतीशी ताडला तर?

कोयनाकाठ

ताई, तुमची तळमळ समजते, पण इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे, नाहीतर उद्या या यंत्रामुळे तुमचंच नुकसान होईल.

खरेदी-विक्रीचं वजन कोणत्या यंत्रावर करायचं हे २००९ चा वैधमापन कायदा ठरवतो. त्या यंत्राच्या मॉडेलला मान्यता लागते, पडताळणी होऊन शिक्का लागतो, वजनकाट्याची पडताळणी दरवर्षी होते. माझ्या ॲक्सलवरचा सेन्सर त्यात बसत नाही. आता ३ ते ५ टक्के म्हणजे किती ते बघा. १८ टन उसावर अर्धा टन ते जवळजवळ एक टन. तेवढा फरक माझ्या सेन्सरचाच असू शकतो. तुम्ही फोटो घेऊन भांडायला गेलात आणि समोरच्याने हे एक वाक्य सांगितलं, तर तुमची बाजू खरी असूनही पडेल.

त्यासाठी मार्ग वेगळा आहे. भरलेली गाडी वाटेतल्या शिक्का असलेल्या दुसऱ्या काट्यावर न्यायची, परतताना रिकामी त्याच काट्यावर न्यायची, दोन्ही पावत्या ठेवायच्या, आणि तक्रार असेल तर वैधमापन विभागाकडे करायची. शेतकरी संघटना काटे ऑनलाइन जोडण्याची मागणी करतात, ती मलाही रास्त वाटते.

ब्रिज सर्किट

थोडा असहमत आहे, कोयनाकाठ. एका खेपेचा आकडा पुरावा होत नाही हे मान्य. पण सेन्सरची चूक दोन प्रकारची असते. एक इकडे-तिकडे हलणारी, ती अनेक खेपांच्या सरासरीत विरून जाते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली, ती विरत नाही, पण खात्रीच्या काट्यावर अधूनमधून जुळवणी केली की पकडता येते. एकाच गाडीच्या हंगामभराच्या नोंदी असतील, आणि एका काट्यावर ती गाडी सातत्याने सेन्सरपेक्षा कमी, दुसऱ्यावर बरोबर, असं दिसलं, तर कुठे पडताळणी मागायची एवढा इशारा नक्की मिळतो. न्यायनिवाडा नाही, पण इशारा. ताईंनी तो हातचा सोडू नये.

कोयनाकाठ

हे मान्य. इशारा म्हणून वापरावा, आणि नोंदी एकट्या शेतकऱ्याच्या नकोत, गाडीच्या हव्यात.

दोन ट्रॉल्या

ट्रॅक्टरवाल्यांचं कुणी बोलेना. आमच्या ट्रॉलीला पाटेच नाहीत, ॲक्सल थेट चेसीला. तिथं काय करायचं?

मिरजेचा फिटर

तुमचं उलट सोपं हाय. पाटे न्हाईत म्हणजे घासाघासीचा प्रश्नच न्हाई, ॲक्सलवर गेज लावला की काम झालं. पण ट्रॉलीला त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हुकावर किती ओझं पडतंय ती. दोन चाकी ट्रॉलीत माल मागं गेला की हुक वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन चढाला फिरतात. माल फार पुढं आला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. हुकाच्या पिनीच्या जागी ओझं मोजणारी पिन बसवता येते. मी म्हणीन ट्रॉलीला एकच सेन्सर परवडत असेल तर हुकावर लावा. चढावर ट्रॅक्टर उलटून माणसं गेलेली आपण सगळ्यांनी ऐकलेत.

निवृत्त रस्तेवाला

फिटर, हे सोनं लिहिलंत. साखर हंगामाच्या आधी ट्रॅक्टरला रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, तशी हुकावरच्या ओझ्याबद्दल फडातच माहिती द्यायला हवी.

खडीवाला

ऊसवाल्यांमध्ये घुसतो. आमचा माल ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू ब्रासला साडेचार टनांच्या आसपास, ओली झाली की तोच ब्रास बराच जड. गिऱ्हाईक ब्रास मोजतं, आरटीओ टन मोजतो, मधे आम्ही. डंपरला हौदा उचलतो, मग सेन्सर कुठं?

ब्रिज सर्किट

हौदा उचलणाऱ्या जॅकच्या तेलाचा दाब मोजून वजन काढणाऱ्या यंत्रणा आहेत, पण त्यासाठी हौदा थोडा उचलावा लागतो आणि माल पुढे-मागे असेल तर आकडा फिरतो. खाणीत सपाट जागा मिळेलच असं नाही. तुम्हालाही ॲक्सलवरचाच सल्ला देईन.

उताराबद्दल एक हिशेब देतो, सगळ्यांच्या कामाचा. २८ टनांची गाडी, भाराचा मध्य जमिनीपासून २ मीटर वर, पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ५ मीटर अंतर. ५ टक्के चढावर तोंड करून ती उभी असेल तर अर्ध्या टनाहून जास्त ओझं पुढून मागे सरकतं. माल तोच, जागा तीच, नुसता चढ. मागच्याच ॲक्सलला सेन्सर असेल तर तेवढी चूक सरळ आकड्यात येते. पुढे-मागे दोन्हीकडे असतील तर बेरीज बरीचशी टिकते.

स्टेअरिंगवरचा माणूस

रस्त्यात साहेबांनी अडवलं आणि मी सेन्सरचा आकडा दाखवला तर चालतो का?

कोयनाकाठ

नाही दादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११४ प्रमाणे अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतात, पुढच्या मार्गापासून १० किंवा पोहोचायच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत काटा असेल तर. तिथला आकडा धरला जातो. आणि थांबायला किंवा वजन करून द्यायला नकार दिला तर दंड ४० हजार आहे, तो मोह कधीच नको. सेन्सरचा फायदा असा की त्या काट्यावर काय निघणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

युरोपात मात्र थोडं पुढे गेलेत. २०१५ च्या त्यांच्या निर्देशात रस्त्यात बसवलेले सेन्सर किंवा गाडीवरचे सेन्सर, यातल्या एका मार्गाने जादा भरलेल्या गाड्या ओळखायला सांगितलं, आणि २०१९ च्या नियमात गाडीवरच्या यंत्राने रस्त्याकडेच्या अधिकाऱ्याला बिनतारी आकडा कसा द्यायचा ते ठरवलं. तिथेही तो आकडा गाडी निवडण्यासाठी आहे, पुढे थांबवून खरं वजन केलं जातं. आपल्याकडे टोलनाक्यांवर चालत्या गाडीचं वजन घेणारे पट्टे आहेत, पण तेही फडातून निघाल्यानंतरच. मला हवं ते त्याच्या आधी.

वाळव्याची शेतकरीण

आमच्या घरची गाडीही दहाचाकीच आहे, दीर चालवतात. हंगामाआधी बसवायचा ठरला. जुळवणी कशी करायची तेवढं नीट लिहा.

कोयनाकाठ

ताई, दीरांना हे दाखवा.

आधी पाट्यांची कामं उरकून घ्या, सेन्सर नंतर. मग गाडी पूर्ण रिकामी करा, हौद्यातलं पाचट, चाकांवरचा चिखल झाडा, डिझेल टाकी भरा. ३०० लिटर डिझेल म्हणजे सुमारे २५० किलो, ते कधी धरायचं, कधी नाही, असं नको. शिक्क्याच्या काट्यावर रिकामी गाडी घ्या. आधी सगळी, मग फक्त मागचे ॲक्सल काट्यावर. काट्याच्या बाहेर राहिलेली चाकं काट्याच्याच पातळीला असली पाहिजेत, उतार असेल तर तो काटा सोडा. हे रिकाम्याचे आकडे यंत्रात टाका. नंतर मर्यादेच्या जवळ भरून तेच पुन्हा, आणि मधे अर्ध्या भरतीलाही एकदा. तीन ठिकाणी जुळलं की मधलं सगळं बऱ्यापैकी जुळतं.

हंगामात रोज सकाळी रिकाम्या गाडीचा आकडा बघायचा. तो सरकत चाललाय असं दिसलं तर जोड आणि सील तपासून घ्या. कारखान्याची पावती मिळाली की तिच्यामागे सेन्सरचा आकडा दीरांनी लिहून ठेवायचा, म्हणजे वर ब्रिज सर्किट म्हणाले तो इशाराही हाती राहील.

वायर चेसीच्या आतल्या अंगाने न्या, ब्रेकच्या पाइपला बांधू नका, आणि ॲक्सल वर-खाली होतो तिथे सैल वळसा ठेवा. मऊ रानात उसाची खोडकी खालून घासतात, म्हणून ॲक्सलजवळच्या भागावर लोखंडी पट्टीचं झाकण करून घ्या. हे काम मिरजेच्या फिटरकडे चांगलं होईल. फिटरदादा, तुम्ही करून द्याल ना?

मिरजेचा फिटर

देतो की. पाटे खोलायलाच लागतात तेव्हा एकदमच आणा, दोनदा गाडी उभी ठेवायला नको. दसऱ्याच्या आत आणा, पुढं हंगामाच्या गाड्यांची रांग लागते.